जाहिरातीतला भाव सोडा, बसलेला सौदा शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कर्वेनगरमध्ये १९९६ सालची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावरचा टूबीएचके. एजंट ८५० फूट सांगतो, मालक ८२ लाख मागतो, म्हणजे फुटाला साडेनऊ हजारांच्या आसपास. पोर्टलवर त्याच भागात ११ ते १४ हजारांचा भाव दिसतो, म्हणून तुम्हाला तो स्वस्त वाटतोय. सात लाख घालून नीट करायचा आणि वर्षभरात १ कोटी ५ लाखांना विकायचा, हा बेत. आणि विचारलंय एवढंच की तिथे फ्लॅट खरोखर कितीला विकले जातात ते कुठे कळेल.

कुठे कळेल ते सांगतेच, ते अवघड नाही. अवघड आहे ते सापडलेल्या आकड्याचा अर्थ लावणं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, १९ वर्षं बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते आणि मधूनमधून स्वतःच्या पैशाने जुने फ्लॅट घेऊन विकलेही आहेत. त्यात एकदा चांगलीच तोंडघशी पडले, तेही पुढे सांगते.

आधी ते ८५० फूट. हे कुठलं फूट? पुण्यात १९९६ च्या करारनाम्यात बहुधा बिल्टअप (भिंतींसकट) क्षेत्र असतं, चौरस मीटरमध्ये. एजंट त्यात जिना, पॅसेज, गच्चीचा वाटा मिळवून ‘सेलेबल’ सांगतो. समजा करारात ७२.४७ चौरस मीटर बिल्टअप आहे. १०.७६४ ने गुणलं की ७८० चौरस फूट होतात. आतून टेप लावली तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ६४० च्या आसपास भरेल. आता ८२ लाखांना ६४० ने भागा : फुटाला १२,८०० रुपये. तुमचे साडेनऊ हजार कुठे गेले? पोर्टलवरचे नव्या इमारतींचे भाव बऱ्याचदा रेराच्या (बांधकाम व्यवसायावरच्या नियामक कायद्याच्या) कार्पेटवरचे असतात आणि जुन्यांचे सेलेबलवरचे, दोन्ही एकाच यादीत शेजारी शेजारी. तुम्ही सेलेबलचा भाव कार्पेटच्या भावाशी ताडून पाहिलात. पहिली घोडचूक इथेच होते, आणि अनुभवी म्हणवणारेही ती करतात. यापुढे प्रत्येक आकडा कार्पेटवर आणायचा, मगच तुलना.

पोर्टलचे भाव टाकून द्या असं मी म्हणत नाही. ते मागणारे भाव आहेत, मिळालेले नव्हेत, इतकं डोक्यात ठेवलं की उपयोगी पडतात. एकच फ्लॅट पाच एजंटांनी पाच भावांनी टाकलेला असतो. बाल्कनीतल्या कुंड्या आणि फरशीचं डिझाइन बघून मी ते ओळखते. सहा महिने तीच जाहिरात दिसतेय तर त्या भावाला तो जात नाही, हे मालकाने स्वतःच तुम्हाला सांगितल्यासारखं आहे.

खरे सौदे सापडतात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर. त्यात मोफत सोयही आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की त्या क्रमांकाच्या नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, उघडता येते. कर्वेनगरची गोम अशी की दस्तात गाव ‘हिंगणे बुद्रुक’ असतं. सिंहगड रस्त्याकडचं हिंगणे खुर्द वेगळं. तिकडे बावधनमध्ये तर बावधन खुर्द हवेली तालुक्यात आणि बावधन बुद्रुक मुळशीत. तालुका चुकला की ‘माहिती आढळली नाही’ येतं आणि माणूस म्हणतो, इथे सौदेच होत नाहीत. मिळकत क्रमांकात जुन्या पेठांत सिटी सर्व्हे नंबर लागतो, तुमच्या भागात सर्व्हे नंबर. तो मालकाच्या करारनाम्यात किंवा त्याच्याकडच्या जुन्या इंडेक्स टूवर मिळेल. हिस्सा नंबर टाकू नका, नुसता मूळ सर्व्हे नंबर टाका. टंकणाऱ्याने ३२/१/२ कधी ३२-१-२ लिहिलेलं असतं, कधी नुसतं ३२. मग यादीत इमारतीचं नाव शोधा, तेही ‘अपार्टमेंट’, ‘अपार्टमेन्ट’ आणि ‘अपार्ट.’ असं तिन्ही प्रकारे. कॅप्चा पहिल्यांदा नाकारला तर चिडू नका, पुन्हा टाका. दस्तावर ‘हवेली क्रमांक अमुक’ असं नोंदणी कार्यालय बघून जागेचा अंदाज बांधू नका, कारण पुण्यातला दस्त हवेलीच्या कुठल्याही कार्यालयात नोंदवता येतो.

इंडेक्स टू समोर आली की नवखे लोक ‘बाजारभाव’ हा रकाना वाचतात आणि खूश होतात. नाव फसवं आहे. तो बाजारातला भाव नव्हे, सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून काढलेलं मूल्य आहे. मुद्रांक शुल्क बसवण्यापुरतं. हा तक्ता १ एप्रिलला बदलतो. २०२३ आणि २०२४ मध्ये दर वाढवलेच नाहीत, एकदम एप्रिल २०२५ मध्ये वाढवले. त्या दोन वर्षांत बाजार काही थांबला नव्हता. तुम्हाला हवा तो रकाना ‘मोबदला’. खरेदीदाराने विक्रेत्याला काय दिलं ते तिथे असतं, निदान कागदावर काय दिलं ते तरी.

कागदावर. इथे जरा थांबू. मोबदला आणि बाजारभाव रुपयाला रुपया जुळत असतील, किंवा मोबदला रेकनरच्या वर जेमतेम हजार-दोन हजार असेल, तर मी तो सौदा बाजूला ठेवते. दोन माणसांची घासाघीस होऊन ठरलेला भाव नेमका सरकारी आकड्यावर येऊन थांबत नाही. बहुतेक वेळा उरलेले पैसे पिशवीतून गेलेले असतात. घर घेताना वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं कायद्याने बंद आहे, तरी जुन्या जागांत आणि विशेषतः प्लॉटमध्ये हे चालतं. याउलट त्याच फ्लॅटवर बँकेच्या कर्जाची नोंद दिसली तर मोबदल्यावर माझा विश्वास वाढतो. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँकेला किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. त्यामुळे कर्ज घेणाऱ्याला करारात भाव कमी दाखवून चालत नाही.

पुढे बघायचा तो विलेखाचा प्रकार, म्हणजे दस्त कशाचा आहे ते. पुण्यात हे फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडे अर्ध्या जुन्या इमारती सोसायटी नाहीत, अपार्टमेंट आहेत. तिथे बिल्डर घोषणापत्र करतो आणि मग प्रत्येकाला ‘डीड ऑफ अपार्टमेंट’, म्हणजे फ्लॅटची मालकी नावावर करणारा दस्त, करून देतो, पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षं उशिरा. तो दस्त २०२३ मध्ये नोंदलेला दिसतो आणि मोबदला १९९८ चा असतो. आमच्या ऑफिसमध्ये एका नव्या मुलाने अशा पाच नोंदी धरून कोथरूडचा भाव फुटाला आठशे रुपये काढला होता! बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, चूकदुरुस्ती पत्र, सगळं बाजूला. आणि आधी करारनामा, नंतर त्याच फ्लॅटचं खरेदीखत, असे दोन दस्त असतील तर सौदा एकच धरायचा. दुसऱ्यावर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यावरून ओळखू येतं.

तारखाही दोन असतात, दस्त करून दिल्याची आणि नोंदणीची. मधे चार महिन्यांपर्यंत अंतर चालतं. त्यात भाव तोंडी ठरून टोकन दिलेलं असतं त्याच्याही महिना-दोन महिने आधी. म्हणजे एप्रिलमध्ये नोंदलेला आकडा दिवाळीतला असू शकतो. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, तेव्हाचे ढीगभर दस्त सापडतील. ते आता जुने झाले, आणि तेव्हाही सवलतीच्या घाईत झालेले होते. मी शक्यतो १२ महिन्यांच्या आतले घेते, फारच कमी असतील तर १८.

आता माझी फजिती. २०१४ मध्ये मी आणि माझ्या चुलतभावाने धायरीत एक फ्लॅट घेतला. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, तसाच फ्लॅट दोन महिन्यांपूर्वी चांगल्या चढ्या भावाने गेलेला इंडेक्स टूमध्ये दिसत होता. कर्जावर घेतलेला, मोबदला रेकनरच्या बराच वर, दस्त करारनाम्याचा. माझ्या सगळ्या चाळण्यांतून पास. त्या आकड्याच्या जरा खाली आम्हाला मिळाला म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात. महिन्याभराने जिन्यात त्या फ्लॅटच्या नव्या मालकीणबाई भेटल्या. म्हणाल्या, “आमचा नऊ नंबर होताच, दहा घेतला आणि मधली भिंत काढली. मुलाचं लग्न ठरलंय ना.” घरी येऊन इंडेक्स टू पुन्हा काढली. घेणाऱ्याच्या नावापुढे वय आणि पत्ता असतो, तो मी वाचलाच नव्हता. पत्ता : त्याच इमारतीतला फ्लॅट क्रमांक ९. शेजारच्याला लागून असलेला फ्लॅट हवा असेल तर तो कुणाहीपेक्षा जास्त देतो, कारण त्याला तशी दुसरी जागा जगात कुठेच मिळणार नसते. तो भाव त्या बाईंचा होता, इमारतीचा नव्हता. आमचा फ्लॅट अडीच वर्षांनी जवळजवळ घेतल्या भावाला गेला, व्याज अंगावर पडलं ते वेगळंच.

तेव्हापासून पत्ते आधी वाचते. घेणाऱ्याचा पत्ता विकत घेतलेल्याच फ्लॅटचा असेल तर तो भाडेकरू किंवा नातेवाईक. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच असेल तर घरातला व्यवहार, आडनावं वेगळी असली तरी. लेकीचं आडनाव लग्नानंतर बदललेलं असतं, एवढंच.

कागदावर न दिसणारं जाऊनच कळतं. सौदा सापडला की मी त्या इमारतीत जाते आणि सेक्रेटरीकाका, वॉचमन, खालचा वाणी यांच्याशी बोलते. “अमक्या नंबरचा फ्लॅट गेला ना नुकताच?” इतकंच विचारायचं, पुढचं पुण्यात लोक आपणहून सांगतात : मालक अमेरिकेत होता आणि पंधरा दिवसांत उरकायचं होतं, वाटणीची भांडणं होती, फर्निचरसकट दिला, पार्किंग नव्हतं. एजंटला “इथे रेट काय?” विचारू नका, जाहिरातीतलाच आकडा मिळेल. “तुम्ही स्वतः या गल्लीत शेवटचा सौदा कितीला बसवलात आणि तो किती दिवस पडून होता?” असं विचारा. गप्प बसला तर त्याने बसवलेला नाही.

तुमच्या जागेपुरत्या दोन गोष्टी जरूर बघा. पहिली नदी. कर्वेनगरची एक बाजू मुठेला लागून आहे. २५ जुलै २०२४ ला समोरच्या काठावर, सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हापासून गिऱ्हाईक निळी पूररेषा, म्हणजे नकाशावर आखलेली पुराच्या पाण्याची हद्द, विचारतं. रेषेच्या आतला आणि बाहेरचा फ्लॅट चालत पाच मिनिटांवर असला तरी एकमेकांशी ताडू नका. दुसरी पुनर्विकास. १९९६ ची विनालिफ्ट इमारत म्हणजे आज नाही तर दहा वर्षांनी पाडायचीच, या आशेचे पैसे काही सौद्यांत मिसळलेले असतात. सोसायटीचं कन्व्हेअन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, पीएमसी नेमलीय का (महानगरपालिका नव्हे, प्रकल्प सल्लागार), टेंडर उघडलं का, समोरचा रस्ता किती मीटरचा, हे विचारल्याशिवाय शेजारच्या इमारतीचा चढा भाव तुमच्या फ्लॅटला चिकटवू नका. तिथे फ्लॅट विकला गेलेला नसतो, नव्या इमारतीतल्या जागेचा हक्क विकला गेलेला असतो. आणि उलट बाजूने, तुमच्याच इमारतीत टेंडर उघडलेलं असेल तर पुढचा माझा हिशोब तुम्हाला लागू नाही.

आता हिशोबाची रीत. आकडे मी बनवलेले आहेत, तुमचे तुम्ही काढा. समजा तीन धड सौदे हाती लागले. पहिला तुमच्याच इमारतीतला, तळमजला, १४ महिन्यांपूर्वी, ६४० कार्पेट, ७१ लाख, म्हणजे फुटाला ११,१००. दुसरा शेजारच्या इमारतीतला, २००४ ची, लिफ्ट आणि पार्किंग आहे, चार महिन्यांपूर्वी, ७०० कार्पेट, ९२ लाख, म्हणजे १३,१५०. तिसरा त्याच रस्त्यावर, विनालिफ्ट, तिसरा मजला, सात महिन्यांपूर्वी, ६५० कार्पेट, ७० लाख, म्हणजे १०,७५०.

पहिल्याला काळाचे ४ टक्के वर द्या. तळमजला विनालिफ्ट इमारतीत म्हाताऱ्या माणसांना हवाच असतो आणि तरुण जोडप्याला ओल, डास आणि खिडकीसमोरच्या स्कूटर नको असतात, म्हणून मजल्याची वजाबाकी शून्य धरते. आले साडेअकरा हजार. दुसऱ्यातून लिफ्ट, पार्किंग आणि आठ वर्षांचं तारुण्य वजा करा, १३ टक्के. साडेअकरा हजारांच्या किंचित खाली. तिसऱ्याला एक जिना कमी म्हणून ५ आणि काळाचे २ टक्के वर, पुन्हा साडेअकरा. इतकं छान जुळलं कारण आकडे माझे आहेत. प्रत्यक्षात ११ ते १२ हजारांची पट्टी निघते आणि तीही चांगलीच म्हणायची. पट्टी ९ ते १४ अशी आली तर तुमचे सौदे चुकीचे निवडलेत, सरासरी काढत बसू नका.

हे टक्के कुठून आणले, असं विचाराल. लिफ्टचे किती, मजल्याचे किती, याचा तक्ता माझ्याकडे नाही. एकाच इमारतीतले दोन सौदे सापडले, एक पहिल्या आणि एक तिसऱ्या मजल्यावरचा, की त्या गल्लीत जिन्याची किंमत कळते. कर्वेनगरची कळलेली कात्रजला चालत नाही. जितकी दुरुस्ती कमी करावी लागेल तितका सौदा चांगला. माझ्याकडे वजाबाकी-बेरीज मिळून १५ टक्क्यांच्या पलीकडे गेली की मी तो सौदा सोडते.

साडेअकरा हजारांनी ६४० फुटांचे ७३ लाख ६० हजार होतात. मालक ८२ मागतोय.

विक्रीकडचा आकडा त्याहून गंभीर आहे. १ कोटी ५ लाख भागिले ६४०, म्हणजे कार्पेटला १६,४००. एवढे पैसे मोजणारा माणूस तुमच्या नव्या किचन ट्रॉलीकडे बघायच्या आधी लिफ्ट कुठेय विचारेल. त्या परिसरात विनालिफ्ट, पण आतून चकाचक केलेला फ्लॅट आजवर जास्तीत जास्त कितीला गेला तो सौदा शोधा, तो तुमचा माथा. आणि खर्च मांडा : ८२ लाख, त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ७४ हजार (पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलात तर एक टक्का वाचेल), नोंदणी ३० हजार, एजंट एक टक्का, दुरुस्ती ७ लाख. ९५ लाख ८६ हजार झाले. विकताना एजंटचे आणखी लाखभर. ६० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी वर्षभर ओढलं तर व्याज ५ लाख ४० हजार. म्हणजे १ कोटी ५ लाखांना गेला तरी हातात अडीच-पावणेतीन लाख, आणि २४ महिन्यांच्या आत विकलात म्हणून तो नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर. मेंटेनन्स मी धरलेलाच नाही.

एक पडताळा अजून. आपल्याकडे भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे, त्यामुळे त्याच ई-सर्चमध्ये लिव्ह अँड लायसन्सचे दस्तही दिसतात. कर्वेनगरला कॉलेजच्या मुलींमुळे भाडेकरूंची वानवा नाही. विक्री अडकली तर येणारं खरं भाडं किती, हे त्यावरून काढा आणि व्याजाच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवा.

मी तुमच्या जागी असते तर ७० पासून बोलणं सुरू केलं असतं आणि ७४ ला थांबले असते. तेही राहण्यासाठी किंवा पुनर्विकासाच्या भरवशावर दहा वर्षं धरून ठेवायला. वर्षभरात विकायचं असेल तर ७४ लाही घेतला नसता.

पुन्हा फ्लॅट बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा, एजंटसमोर लावायला लाजू नका. हॉलची बाल्कनी ग्रिल लावून आत घेतलेली असणार, १९९६ च्या इमारतींत ती जवळपास सगळ्यांनी घेतलेली असते. मालक ती खोलीत मोजेल. तुम्ही मोजू नका. आणि ज्या तीन सौद्यांशी ताडणार आहात त्यांतही ती मोजलेली नाही ना, हे बघा.